कुवैतमध्ये मोर्चे निघत नाहीत असं कोणी सांगितलं?

२०२५ ला ऐन गणपतीत मनोज जरांगे आझाद मैदानावर उपोषणाला बसले, सीएसएमटीपासून फोर्टपर्यंत जिकडे तिकडे आंदोलक, आणि आमच्या फॅमिली ग्रुपवर नेहमीप्रमाणे दोन तट पडले. आरक्षण द्यावं की न द्यावं हे बाजूलाच राहिलं, वाद पेटला तो लोकलने ऑफिस गाठणाऱ्यांचे हाल आणि मोर्चा काढायचा हक्क यावरून. त्यात माझ्या मामेभावाने टाकलं की हे असले लाड आपल्याकडेच चालतात, आखातात बघा, राजाने एक फर्मान काढलं की विषय संपला, तिथे कोणाची रस्ता अडवायची टाप आहे का, विचारा हवं तर ह्याला, हा होता ना इतकी वर्षं कुवैतला. ह्याला म्हणजे मला. खाली धडाधड अंगठे पडले.

मी तेव्हा गप्प बसलो, एक तर मोबाईलवर एवढं टायपायचा कंटाळा, आणि वयाने मोठा आहे तो, दादा म्हणतो मी त्याला. पण तेव्हापासून डोक्यात घोळतंय ते आता लिहून टाकतो. कुवैत सोडून आयर्लंडला आलोय म्हणून लिहू शकतोय हे आधीच सांगतो, तिथे असतो तर नसतं लिहिलं. अमीरांच्या अधिकारांना हात घालणारं बोलणं तिथे गुन्हा आहे आणि एकेका ट्वीटपायी लोक आत गेलेत, तेही तिथलेच नागरिक, आपली तर गोष्टच सोडा, आपल्याला थेट एअरपोर्ट.

तर दादा, पहिली गोष्ट म्हणजे दुबई, सौदी, कुवैत हे एका माळेचे मणी नाहीत. कुवैतला अल-सबाह घराणं अडीचशेच्या वर वर्षं गादीवर आहे हे खरं, पण १९६२ पासून लिखित राज्यघटना आहे आणि १९६३ पासून, मधले खंड सोडले तर २०२४ पर्यंत, निवडून दिलेली संसद होती, मजलिस अल-उम्मा, ५० खासदारांची. पंतप्रधान आणि मोठी खाती शेख मंडळींकडेच, पक्षांना कायद्याने मान्यता नाही, पण एकटा खासदार उठून कुठल्याही मंत्र्याला, अगदी पंतप्रधानालाही, सभागृहात उभं करून जाब विचारू शकायचा. इस्तिजवाब म्हणतात त्याला, आणि त्याची धास्ती एवढी की काही मंत्री तारीख लागायच्या आत राजीनामा देऊन मोकळे व्हायचे. २००६ साली अमीर शेख जाबेर वारले, त्यांच्या जागी आलेले शेख साद इतके आजारी की शपथ तरी पुरी घेता येईल का अशी चर्चा, तेव्हा संसदेने ठराव करून त्यांना बाजूला केलं आणि शेख सबाह अमीर झाले. अरब राजेशाहीत, मतदानाने, रक्ताचा एक थेंब न सांडता. त्याच वर्षी तरुण पोरंपोरी नारिंगी कपडे घालून संसदेसमोर बसली, मागणी काय तर मतदारसंघ २५ चे ५ करा, कारण चिमुकल्या मतदारसंघात मतं विकत घेणं सोपं जातं. आणि ५ करून घेतले त्यांनी.

आमच्या ऑफिसात एक कुवैती सीनियर होता, बोलका माणूस, इलेक्शनच्या दिवसांत एकदा मला त्याच्या काकांच्या दिवानियात घेऊन गेला. दिवानिया म्हणजे घराला लागून असलेली पुरुषमंडळींची बैठक, भिंतीला धरून चारी बाजूंनी गाद्या आणि लोड, संध्याकाळी दार उघडं, छोट्या काचेच्या पेल्यातून काळा गोड चहा फिरत असतो आणि पेला रिकामा ठेवला की परत भरतात. उमेदवार आला, उजवीकडून सुरुवात करून एकेकाशी हात मिळवला, माझ्याशी पण मिळवला (मला मत नाही हे त्याला एका नजरेत कळलं असणार), आणि बसतोय तोच एका म्हाताऱ्याने त्याला धरला. माझं अरबी जेमतेम, पण मुनाकसा म्हणजे टेंडर, हे ऑफिसात दिवसभर कानावर पडायचं, तर तो म्हातारा दर दोन वाक्यांनी मुनाकसा मुनाकसा करत बोट नाचवत होता आणि उमेदवार बिचारा मान खाली घालून ऐकत होता. आपल्याकडे उमेदवार सोसायटीत येतो तेव्हा आपण त्याच्यासोबत फोटो काढतो.

ह्या बैठकांना कमी समजू नकोस. १९८६ मध्ये तेव्हाच्या अमीरांनी संसद बरखास्त करून टाकलेली, सभांवर बंदी, तर १९८९ च्या शेवटाला लोकांनी सोमवारच्या दिवानिया सुरू केल्या, आज ह्याच्या घरी पुढच्या सोमवारी त्याच्या घरी, चहाच्या नावाखाली संसद परत द्या ही चळवळ, पोलीस दाराशी. मग ऑगस्ट १९९० मध्ये सद्दाम आला. आपल्याला त्यातलं फक्त एअर इंडियाने लाखाच्या वर भारतीयांना आणलं तेवढं माहिती. तिकडे परागंदा झालेल्या राजघराण्याने जेद्दाहच्या बैठकीत लोकांना शब्द दिला की देश परत मिळाला की संसद परत देऊ, आणि १९९२ ला निवडणुका घ्यायला लागल्या.

२०११ हे साल तुला अण्णांमुळे आठवत असेल, रामलीला मैदान, मी अण्णा लिहिलेल्या टोप्या, तू पण घातली होतीस. कुवैतमध्ये त्याच वर्षाच्या सुरुवातीला अमीरांनी प्रत्येक नागरिकाला, तान्ह्या बाळासकट, १००० दिनार दिले, तेव्हाचे दीड लाखाच्या वर रुपये, शिवाय वर्षभराहून जास्त फुकट रेशन. निमित्त स्वातंत्र्याच्या ५० वर्षांचं, पण ट्युनिशिया आणि इजिप्त पेटलेले होते हेही होतंच. आपल्याकडे लाडक्या बहिणीच्या १५०० रुपयांनी अख्खी विधानसभा फिरली म्हणतात, आणि इथे हे पैसे खिशात घालूनही लोक त्याच वर्षी रस्त्यावर आलेच. का, तर काही खासदारांच्या बँक खात्यांत लाखो दिनार अचानक जमा झाल्याचं बाहेर आलं आणि संशय असा की सरकारनेच खासदार विकत घेतले. इरादा मैदान म्हणजे संसदेच्या जवळच, गल्फ रोडला, तिथे सभा सुरू झाल्या. १६ नोव्हेंबरला गर्दी आणि काही खासदार संसदेच्या सभागृहातच घुसले, राष्ट्रगीत म्हटलं आणि बाहेर पडले. सरकारच्या लेखी तो काळा बुधवार. पण २८ नोव्हेंबरला पंतप्रधान शेख नासेर अल-मोहम्मद यांचा राजीनामा आला. अण्णांच्या लोकपालचं काय झालं ते तुला माहितीच आहे.

आता कुवैती मोर्चेवाले म्हणजे सगळे धुतल्या तांदळासारखे असंही नाही. फेब्रुवारी २०१२ मध्ये विरोधक बहुमताने आले आणि पहिल्या काही महिन्यांतच ईश्वरनिंदेला फाशीचा कायदा पास करून बसले, तो अडवला अमीरांनी. २००९ ला चार बायका निवडून आल्या होत्या, ह्या वेळी एकही नाही. १९९९ ला तर अमीरांनी बायकांना मताचा अधिकार दिला होता आणि निवडून आलेल्या संसदेने तो फेटाळला, शेवटी २००५ ला पास झाला. आणि बिदून, म्हणजे पिढ्यान् पिढ्या तिथेच राहून कुठल्याच देशाचे नसलेले लोक, लाखाच्या आसपास आहेत, ते फेब्रुवारी २०११ मध्ये जहराजवळ तैमाला रस्त्यावर आले तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि त्यांच्यासाठी इरादा मैदान काही भरलं नाही. त्यामुळे जनता म्हणजे देव आणि राजा म्हणजे राक्षस असलं काही मी सांगत नाहीये.

मला सांगायचंय ते ऑक्टोबर २०१२ चं. कोर्टाने विरोधकांची ती संसद रद्द ठरवली होती आणि नव्या निवडणुकीआधी अमीरांनी वटहुकूम काढला की इथून पुढे मतदाराला ४ ऐवजी १ च मत. ऐकायला किती फालतू गोष्ट, पण गणित बघ. ५ मतदारसंघ, प्रत्येकी १० जागा, मतदाराला ४ मतं, म्हणजे वेगवेगळ्या गटांचे उमेदवार आपापसात ठरवून मतं फिरवू शकायचे, पक्ष नसलेल्या देशात आघाडी करायचा तोच एक रस्ता. १ मत केलं की प्रत्येक जण आपल्यापुरता आणि आपल्या टोळीपुरता, आघाडी खलास. लोकांना हे कोणी समजावून सांगायला लागलं नाही. २१ ऑक्टोबरला करामत वतन, म्हणजे देशाचा आत्मसन्मान, या नावाने मोर्चा निघाला, बोलावणं कोणाचं तर एका निनावी ट्विटर अकाउंटचं, आणि हजारोंनी लोक आले, कुवैतच्या इतिहासातल्या सगळ्यात मोठ्या मोर्चांपैकी एक. अश्रुधूर, धरपकड, लगेच २० पेक्षा जास्त लोक जमायला बंदी. मुसल्लम अल-बर्राक नावाचा जुना लोकप्रिय खासदार भर सभेत अमीरांना उद्देशून आम्ही तुम्हाला हे करू देणार नाही म्हणाला आणि पुढे दोन वर्षं तुरुंगात गेला. डिसेंबरच्या निवडणुकीवर विरोधकांनी बहिष्कार घातला, मतदान ४० टक्क्यांच्या आसपास. वटहुकूम मात्र राहिला. हरले ते.

आणि आता आपलं पुणं. २०१७ ला चार जणांचा प्रभाग, मग आघाडी सरकारने तीनचा केला, २०२२ ला सरकार बदललं आणि परत चारचा. मतदाराला किती मतं, कोणाची वस्ती कोणत्या प्रभागात, सगळं सत्तेत बसलेल्यांच्या सोयीने, वटहुकूम आपल्याकडेही निघालेच. किती लोक रस्त्यावर आले? मी शोधून बघितलं, पक्षवाले कोर्टात गेले, बाकी आपण चहा प्यायलो. मार्च २०२२ ला पुण्या-मुंबईच्या नगरसेवकांची मुदत संपली, ओबीसी आरक्षणाची केस आणि प्रभागरचनेचा घोळ यात २०२६ चा जानेवारी उजाडला तेव्हा कुठे मतदान झालं. जवळपास चार वर्षं दोन्ही शहरांचा कारभार प्रशासकाकडे, हजारो कोटींची बजेटं एका अधिकाऱ्याच्या सहीने. तू तेव्हा काय म्हणाला होतास ते मला आठवतंय, बरंय ना, नगरसेवकांची कटकट नाही, निदान कामं तरी होतील.

ह्यात माझाही एक गुंता आहे आणि तो सांगितल्याशिवाय हे लिहिणं खोटं होईल. कुवैतची संसद आपल्या बाजूची कधीच नव्हती. लोकसंख्येत दर दहातले सात बाहेरचे, भारतीय एकटे दहा लाखांच्या घरात, आणि मत फक्त कुवैतींना. मग खासदार निवडून यायचा सोपा मार्ग कोणता, तर आमच्यावर घसरायचं. हॉस्पिटलं भरली, रस्त्यावर ट्रॅफिक झाला, पोरांना नोकऱ्या नाहीत, कोणामुळे, तर वाफिदीनमुळे, म्हणजे आमच्यामुळे. सफा अल-हाशेम नावाच्या बाई खासदार होत्या, त्यांचं म्हणणं बाहेरच्यांना श्वास घ्यायच्या हवेवरसुद्धा टॅक्स लावा. २०२० च्या उन्हाळ्यात कोविडमध्ये सगळे घरात बसलेलो आणि बातमी आली की भारतीय १५ टक्क्यांवर नकोत असा प्रस्ताव कमिटीत पुढे सरकला, म्हणजे आठ लाख लोक परत जाणार. तो जसाच्या तसा कधी लागू झाला नाही, पण त्या आठवड्यात मंडळाच्या ग्रुपवर जे रडगाणं चाललं होतं! त्यात एक गृहस्थ होते, मुंबईचे, परप्रांतीयांना आधी बाहेर काढा असं दर इलेक्शनला ठासून सांगणारे, ते म्हणाले की हे लोक किती कृतघ्न आहेत, देश उभा कोणी केला त्यांचा. मला हसू आलं पण हसलो नाही, माझीही फाटलीच होती.

आणि आम्ही मोर्चा काढायचा प्रश्नच नव्हता. जून २०२२ मध्ये फहाहीलला शुक्रवारच्या नमाजानंतर काही परदेशी लोकांनी पैगंबरांबद्दलच्या भारतातल्या वक्तव्यावरून निदर्शनं केली, म्हणजे सरकारच्या मताविरुद्ध पण नव्हती, खुद्द कुवैत सरकारनेही तेव्हा निषेध नोंदवलेला, तरी हुकूम निघाला की पकडा आणि डिपोर्ट करा.

मग अशी संसद गेली तर माझं काय गेलं? मे २०२४ ला ती गेलीच. १० मे ला अमीर शेख मिशाल यांनी नुकतीच निवडून आलेली संसद बरखास्त केली आणि घटनेतली काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. आमच्या जुन्या ग्रुपवर बरेच जण खूश होते, आता कटकट गेली, आता दुबईसारखा विकास होईल, तुझंच वाक्य. आणि गंमत म्हणजे कुवैतींमध्येही बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटलं म्हणे, खासदार आणि मंत्र्यांच्या रोजच्या भांडणाला तेही विटलेले, चार वर्षांत चार निवडणुका झाल्या होत्या. मग त्यांच्याच हजारो लोकांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात झाली, याद्याच्या याद्या, त्यात लग्न करून कुवैती झालेल्या बायका जास्त, संसार तिथे, पोरं तिथली, आणि एका सकाळी यादीत नाव. संसद असती तर कोणीतरी उठून विचारलं असतं. कदाचित नसतंही विचारलं, पण विचारायची जागा होती.

संसद गेल्यावर महिन्याभराने, १२ जूनला, कुवैतच्या मंगाफ भागातल्या एका बिल्डिंगला आग लागली. कामगारांची राहायची जागा, पहाटेची वेळ, पन्नासच्या आसपास माणसं गेली, त्यात बहुतेक भारतीय, त्यातले बरेचसे केरळचे. मंत्री तिथे गेले, मालकांच्या हावरटपणावर बोलले, धरपकडही झाली. पण त्या बिल्डिंगला परवानगी कोणी दिली, तपासणीला कोण गेलं होतं, हे भर सभागृहात मंत्र्याला उभं करून विचारणारा कोणी नव्हता. आता तू म्हणशील आपल्याला शिव्या घालणारे खासदार आपल्यासाठी कशाला विचारतील. अरे पण घरकामगारांसाठी आठवड्याची सुट्टी आणि कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा कायदा ह्याच संसदेने २०१५ मध्ये केला. अंमलबजावणी किती हे विचारू नकोस, पण एखाद्या बाईच्या हातात दाखवायला कागद तरी होता. ते खासदार काही आमच्या प्रेमात नव्हते, सरकारला अडचणीत आणायला त्यांना विषय लागायचा आणि कधीकधी तो विषय आम्ही असायचो. मला एवढं पुरायचं.

त्याच आठवड्यात, मंगाफच्या पाच दिवस आधी, मी इथे आयर्लंडमध्ये मत देऊन आलो होतो. तू म्हणालास नागरिक नसताना कसं, तर इथे स्थानिक निवडणुकीत कुठल्याही देशाचा माणूस मत देऊ शकतो, राहतो ना इथे, मग झालं. उमेदवार पावसात दारात उभा, बायको म्हणाली आत तरी घे त्याला, तो म्हणतो नको, बूट ओले आहेत, आणि फुटपाथवरचा दिवा बंद आहे हे माझं म्हणणं चिठ्ठीवर लिहून घेतलं. दिवा लागायला बराच वेळ लागला आणि कौन्सिलला अधिकार तसे कमीच. आणि इथेही बाहेरच्यांवर राग आहेच, त्या निवडणुकीत त्याच मुद्द्यावर उभे राहिलेले लोक होते, २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा पोरीला एकटीला बसने पाठवायची आम्हाला भीती वाटायची. पण त्यावर भारतीय लोक डब्लिनमध्ये रस्त्यावर जमले, मीही होतो, आणि कोणाला एअरपोर्ट दाखवला नाही. पुढच्याच महिन्यात तुझा तो आझाद मैदानाचा मेसेज आला.

२०२४ च्याच जुलैत खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरात पाणी शिरलं. तुझ्या सासूबाई रात्री फोनवर सांगत होत्या की कोणाला फोन करायचा तेच कळेना, शेवटी आपल्या माजी नगरसेवकाला केला. माजीला! म्हणजे ज्याच्याकडे कसलाही अधिकार नाही अशाला, कारण आजी कोणी नव्हतंच. तू ह्याला शांत कारभार म्हणतोस. जरांगेंचं आंदोलन बरोबर की चूक ह्यात मी पडत नाही, लोकलमध्ये अडकलेल्यांचा त्रास खरा आहे, कोर्टानेही मैदान रिकामं करा म्हटलं होतं. पण आखाताचं उदाहरण देशील तर पूर्ण दे, तिथले लोक ४ चं १ मत केलं म्हणून अश्रुधूर खाऊन आलेत.

तो जुना कुवैती सीनियर अजून अधूनमधून फोन करतो. आता राजकारणावर तो काही बोलत नाही, पण इथली मतदानाची पद्धत त्याने खोदून खोदून विचारली, पसंतीचे नंबर कसे टाकतात, पहिला पडला तर मत दुसऱ्याकडे कसं जातं, चौथ्या नंबरपर्यंत मोजतात का. मी म्हटलं मे २०२८ ला तुमची चार वर्षं पुरी होतायत. तर हसला आणि म्हणाला, संसद परत आली तर पहिला कायदा तुम्हा हिंदी लोकांविरुद्धच करतील, तू काही परत यायचं बघू नकोस. मी म्हटलं करा की, पण संसदेत करा, म्हणजे आधी पेपरात वाचून बॅगा तरी भरता येतील.